सात नंबरच्या खोलीची भिंत

खोली कशी लावावी, हे जन्माला येतानाच शिकून आलेली काही माणसं असतात. मी त्यांतला, असं माझं एकोणीसशे सहासष्ट सालच्या फेब्रुवारी महिन्यापर्यंत ठाम मत होतं. शिरगावला आमच्या घरी फणी कुठं ठेवायची इथपासून बैल कोणत्या बाजूला बांधायचा इथपर्यंत सगळं मीच ठरवायचो. बैल ऐकायचा. बाकीचे ऐकत नसत, पण तो त्यांच्या समजुतीचा दोष!

त्या वर्षी मी पालघरला मास्तर होण्याचं शिक्षण घेत होतो. विद्यालयाचं नाव सांगत नाही. पुढचं वाचल्यावर तुम्हीच म्हणाल, बरं केलं. विद्यालयाला दगडी इमारत होती, पण वसतिगृहाला काहीच नव्हतं. म्हणून स्टेशनाजवळची एक जुनी गवताची वखार घेऊन तिच्यात कुडाच्या भिंती घातल्या, त्या शेणामातीनं लिंपल्या आणि बारा खोल्या पाडल्या. भिंती छपरापर्यंत पोचत नव्हत्या. त्यामुळं एक नंबरमध्ये कोणी शिंकलं की बारा नंबरमधला पांघरूण ओढून घ्यायचा. आणि शिंकायचे सगळेच, कारण गवत गेलं तरी त्याचा भुसा गेला नव्हता. उशीत भुसा, वहीत भुसा, आमटीत भुसा!

सात नंबरमध्ये आम्ही तिघं. भगवंत समुद्रकाठच्या दांडी गावचा. घरची होडी. पालघरला माणूस उपाशी मरतो अशी त्याच्या आईची खात्री होती, म्हणून दर पंधरवड्याला सुक्या बोंबलांचं एक गाठोडं यायचं. दुसरा चिंधू, मनोरच्या बाजूच्या डोंगरातल्या वारली पाड्यावरचा. त्या पाड्यावरून मास्तर व्हायला निघालेला पहिलाच माणूस. कमी बोलायचा, आणि बोलला की खरं बोलायचा. अशा माणसाबरोबर एका खोलीत राहणं किती अवघड असतं, ते माझ्यासारख्यालाच ठाऊक!

एका सोमवारी प्रार्थनेनंतर आमचे गृहपती चुरी सर घसा खाकरून म्हणाले, "येत्या रविवारी सकाळी दहा वाजता शिक्षणाधिकारी साहेब वसतिगृह तपासणार आहेत. जी खोली सर्वांत नीटनेटकी आणि सुशोभित असेल, तिला माझ्या कचेरीतला टेबलफॅन सत्र संपेपर्यंत मिळेल."

टेबलफॅन! आमच्या खोलीत वारा म्हणून जे यायचं ते थेट बोंबलांवरून यायचं. मी जागच्या जागी भगवंतला कोपर मारलं. "फॅन आपला!"

"तू काय करायचं नाय ठरवलंस तर," भगवंत म्हणाला.

मी दुर्लक्ष केलं. संध्याकाळपर्यंत मी खोलीचा नकाशा काढून तयार होतो. तीन खाटा तीन भिंतींना, मधोमध मोकळी जागा, खिडकीखाली तिन्ही ट्रंका एकावर एक, वर चादर टाकली की टेबल! दोघांना कामाला लावलं. खाटा सरकल्या, ट्रंका चढल्या. मी मागं सरकून बघितलं. राजवाडा!

फक्त एक झालं. दार आतल्या बाजूला उघडतं, हे नकाशात धरायचं राहिलं होतं. आता ते वीतभर उघडायचं आणि भगवंतच्या खाटेला धडकून थांबायचं.

"कृष्ण्या," भगवंत फटीतून म्हणाला, "मी आत आलो, पण माझं पोट बाहेर ऱ्हायलं."

"आडवा हो! श्वास सोड आणि ये!"

चिंधू त्या दिवसापासून खिडकीतून ये-जा करू लागला.

मग बोंबील. बोंबील आणि सुशोभन एका खोलीत नांदू शकत नाहीत, असं मी जाहीर केलं आणि गाठोडं खिडकीबाहेर टांगलं. तासाभरात पालघर तालुक्यातली झाडून सगळी मांजरं आमच्या खिडकीखाली सभा घेऊन बसली! एकीनं भाषण सुरू केलं तसे चुरी सर काठी घेऊन आले. गाठोडं परत आत. घट्ट झाकणाची ट्रंक एकच होती, ती माझी. आणि रविवारसाठी इस्त्री करून ठेवलेला माझा पांढरा सदराही तिच्यातच होता. त्यावर अधिक काही लिहीत नाही.

मंगळवारी मी हेरगिरीला निघालो. तीन नंबरवाल्यांनी रंगीत कागदाच्या पताका लावल्या होत्या. नऊ नंबरनं समुद्रावरचे शिंपले आणून 'सुस्वागतम्' चिकटवलं होतं. आणि आमची भिंत? शेणाची, उघडी, मधे एक खिळा! मी खाटेवर पडून त्या खिळ्याकडं तासभर बघत बसलो. शेवटी चिंधूला माझी दया आली असावी.

"आमच्याकडं भिंतीवर चौक लिहतात," तो म्हणाला. "गेरूवर तांदळाच्या पिठानं. मानसा, झाडा, घोडा. लय चांगला दिसते."

मी ताडकन उठलो. "कोण काढतं?"

"काढत नाय, लिहतात. बायका लिहतात. माझी आत्या मंगळी हाय, ठकीबाय हाय..."

"मग बोलाव त्यांना!"

"लगीन असेल तवाच लिहतात. देवी बसते चौकात. उगाच कोन बोलवेल तिला?"

"मग लग्न आहे असं सांगू!"

चिंधू उठून बसला. "खोटा?"

"थोडंसं."

"मी नाय सांगनार." आणि तो भिंतीकडं तोंड करून झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सराव पाठ घ्यायला मनोरच्या शाळेवर गेला. रविवारपर्यंत येणार नव्हता. खरं बोलणारा माणूस गावाला गेला की मोकळं मोकळं वाटतं!

शुक्रवारच्या बाजारात मी मंगळी आत्याला गाठलं. ती चिंधूला भेटायला वसतिगृहावर यायची, त्यामुळं ओळख होती. कंद आणि पळसाची पानं पुढ्यात मांडून बसली होती.

"आत्या, एक काम होतं. आमच्या खोलीत चौक लिहून हवा होता."

"कोनाचा लगीन?"

चिंधूचं म्हणावं, तर ती त्याची आत्या. भगवंतचं म्हणावं, तर भगवंत हातपाय मोडील. उरला कोण?

"माझं," मी म्हणालो.

"अरं वा! कवा?"

"रविवारी."

"कंच्या गावाला?"

"इथंच. वसतिगृहात. खोलीतच."

आत्याचा पानं मोजणारा हात थांबला. "खोलीत? घर नाय तुला?"

आता काय सांगणार? मी मान खाली घातली.

"आई-बाप?"

मी मान आणखी खाली घातली. हा विषय नको, एवढंच मला सुचवायचं होतं. पण आत्यानं पदर डोळ्याला लावला. "अरं माझ्या लेकरा! नि चिंध्या मला बोलला पन नाय कदी! तू काय काळजी करू नको. आमी येतो."

काम फत्ते! मी शीळ घालत परत निघालो. दोन टोपल्या सोडून आमच्या शिरगावची नवसी मावरं, म्हणजे मासळी, घेऊन बसली होती, ते मला दिसलं नाही. तिला मात्र मी लहानपणापासून दिसत होतो.

शनिवारी दुपारी तिघी आल्या. मंगळी आत्या, तिच्या पाड्यावरची बायडी आणि लग्नातली गाणी म्हणून लग्न लावणारी म्हातारी ठकीबाय. ठकीबाय वयानं सत्तरच्या पुढं आणि अंगानं बोरूएवढी. दाराच्या फटीतून ती सहज आत आली आणि खाटांकडं बघून म्हणाली, "हे कोनी मांडला?"

"मी," मी अभिमानानं म्हणालो.

"हां," ती म्हणाली. ते 'हां' मला आवडलं नाही.

भगवंतनं पाणी आणलं. त्यांनी भिंत शेणानं सारवली, गेरूनं लाल केली. मग वाटलेल्या तांदळात बांबूची काडी बुडवून ठकीबायनं पहिली रेघ ओढली. मी 'जरा डावीकडं' म्हणायला तोंड उघडलं.

"तू नवरा हायस ना?" ती मागं न बघता म्हणाली.

"हो."

"मग गप बस. नवऱ्यानं बोलायचा नसते."

मी गप्प बसलो, आणि खरं सांगतो, नंतर बोलावंसं वाटलंच नाही. चौकट उठली, तिच्यात देवी आली. भोवती ताडाची झाडं, त्यांवर चढणारी माणसं, फेर धरून नाचणारी माणसं, मोर, मुंग्या, आणि एका कोपऱ्यात घोड्यावर बसलेले नवरा-नवरी. सगळं त्या एका काडीतून! सकाळी जिथं नुसता खिळा होता, तिथं एक सबंध गाव राहायला आला. नवरा अंमळ बारीक काढला होता.

"हा मी?" मी विचारलं.

"तूच!" बायडी हसत म्हणाली. "नवरी बघ कशी चिटकून बसलीय!"

पण लिहिताना त्या गात होत्या. ठकीबाय ओळ म्हणायची, बाकीच्या दोघी ती उचलायच्या. आणि आमच्या भिंती छपरापर्यंत पोचत नव्हत्या, हे मी वर सांगितलंच आहे! पहिल्या गाण्याला आठ नंबरवाले डोकावले. दुसऱ्याला सबंध वसतिगृह दारात. तिसऱ्या गाण्यापर्यंत मला पाच जणांनी मिठ्या मारल्या होत्या.

"छुपा रुस्तम!"

"पोरगी कुठली रे?"

"पत्रिका छापली नाहीस?"

मी घसा कोरडा होईपर्यंत सांगत सुटलो की हे नक्षीकाम आहे, नक्षीकाम! जितकं सांगावं तितका त्यांचा विश्वास वाढत गेला. पाचव्या मिनिटाला चुरी सरांचं बोलावणं आलं.

"कृष्णकांत, विद्यार्थ्याला विवाह करायचा असेल तर पूर्वपरवानगी लागते."

"सर, ते नक्षीकाम आहे!"

"नक्षीकामाला गाणी लागतात?"

"पारंपरिक आहे, सर."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "हे बघ. उद्या साहेबांच्या समोर काही आगळीक झाली, तर पटावरून तुझं नाव कमी करीन. मग शिरगावला बापाच्या पानमळ्यात नक्षीकाम कर."

खोलीवर आलो तर बायका निघाल्या होत्या. मंगळी आत्यानं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "उद्या येतो हां."

"उद्या? उद्या कशाला?"

"लग्नाला!"

"आत्या, तसं ते... फार साधंच आहे. कोणाला त्रास नको."

"साधा कशाला? तुला कोन नाय म्हनून? आमी हाय ना!"

त्या क्षणी सगळं खरं सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण तिच्या डोळ्यांत इतकी माया होती, आणि भिंतीवर इतका सुंदर फॅन दिसत होता, की ते मी परत मिटलं. मग हिशेब केला. पाडा लांब. पायी निघाले तरी दुपारशिवाय पोचत नाहीत. साहेब दहाला येणार, साडेदहाला जाणार. अकराला फॅन घेऊन यायचा, बाराला आत्याच्या पायावर डोकं ठेवायचं! नकाशा एकदम पक्का होता.

रविवारी साहेब साडेदहाला आले. तोवर मी बोंबलाच्या वासाचा पांढरा सदरा घालून दारात उभा. दोन मांजरं माझ्या पायाशी. पहिल्या सहा खोल्या झाल्या आणि साहेब सात नंबरकडं वळले. आता, साहेब हे अंगानं भरलेले गृहस्थ आहेत, हे आम्हाला आधी कोणी सांगायला नको का?

"आडवे व्हा, साहेब," मी अदबीनं म्हणालो. "श्वास सोडा आणि या."

चुरी सरांनी कपाळाला हात लावला. साहेब आडवे झाले, श्वास सोडला, अर्धे आत आले, आणि मग तो श्वास परत घेतला! दार एका बाजूनं, भगवंतची खाट दुसऱ्या बाजूनं. साहेब मधे. चुरी सरांनी बाहेरून हलकेच ढकलून पाहिलं. साहेब जागचे हलले नाहीत. तेवढ्यात त्यांची नजर भिंतीवर गेली आणि आपण अडकलोय हे ते विसरलेच.

"वा!" साहेब म्हणाले. "हे काय आहे? असं मी कुठं पाहिलं नाही. कोणाची कल्पना?"

मी छाती पुढं काढली. "माझी, साहेब. विद्यार्थ्याच्या खोलीत सौंदर्यदृष्टी—"

ढमढम! ढमढम!

बाहेर ढोल! खिडकीतून बघतो तर आवाराच्या फाटकातून सबंध पाडा आत येत होता. ते बिचारे काळोखातच निघाले असणार. सगळ्यात पुढं गळ्यात ढोल अडकवून नाचत येणारा एक उंच गडी, त्याच्यामागं डोक्यावर तांदळाची गाठोडी आणि भाज्यांच्या टोपल्या घेतलेल्या बाया, म्हातारे, पोरंबाळं. आणि त्यांच्यात, कानाला फूल खोवलेला, चिंधू!

तो खिडकीतून आत आला आणि माझे दोन्ही हात धरले. "किसना! मला नाय सांगितलंस? वाटेत मनोरला आत्या भेटली तवा कळला. मी तर त्या दिवशी उगाच तुला खोटा बोलतोस म्हनलो." त्याचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, जमीन फाटेल तर बरं. पण ती शेणानं पक्की सारवलेली होती.

"हा काय प्रकार आहे?" दारातून साहेब.

"कृष्णकांत!" साहेबांच्या मागून चुरी सर.

आणि एवढ्यात फाटकाशी बैलगाडी उभी राहिली. बैल आमचाच. माझ्याकडं बघून त्यानं मान हलवली. गाडीतून माझे वडील नामदेव एका हातात चाबूक घेऊन उतरले, आणि त्यांच्यामागून माझी आई, येसूबाई, मोठ्यानं रडत.

"कुठं हाय तो? कुठं हाय मेला? आईबाप जित्ते असताना चोरून लगीन करतो!"

मंगळी आत्या पुढं झाली. "तुमी कोन बाय?"

"मी त्याची आई!"

आत्या दोन पावलं मागं सरली. "पन ती तर मेली ना?"

"कोन मेली?"

"त्याची आई. नि बाप पन."

आईचं रडं खाडकन थांबलं. "बरोबरच बोलली नवसी! बाजारातून येऊन मला विचारते, येसू, तुमी दोघं मेलात असा कृष्णा सांगतो, खरं का? आवो, ऐकलात का? तुम्हाला पन मारलंय!"

वडिलांनी चाबूक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

ढोल थांबला. ठकीबाय खिडकीशी येऊन उभी राहिली आणि आत माझ्याकडं बघत विचारू लागली.

"लगीन नाय?"

"नाही."

"नवरी नाय?"

"नाही."

"आई-बाप हायत?"

"हे काय, उभे आहेत."

"मग चौक कशाला लिहवला?"

मी म्हणालो, "पंख्यासाठी."

माझ्या हयातीत मी बरंच काही बोललोय, पण याहून लाजिरवाणा शब्द माझ्या तोंडून निघालेला नाही. चिंधूनं माझे हात सोडले. कानाचं फूल काढून खिडकीत ठेवलं. "मी सांगितला होता," एवढंच तो म्हणाला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मंगळी आत्या खाली बसली. "रातभर तांदूळ कांडले आमी. पोरका म्हनून."

"आत्या, मी भिंत पुसून टाकतो. आत्ताच्या आत्ता!"

"हात लाव बघू!" ठकीबाय कडाडली. एवढ्याशा अंगातून एवढा आवाज कुठून आला देव जाणे! "देवीला बोलवून बसवलीय. लगीन न लावता ती उठत नाय. तुझा खेळ वाटला?"

"मग आता करायचं काय?" हे साहेबांनी विचारलं. ते अजून दारातच होते, आणि अडकलेल्या माणसाला ऐकण्याशिवाय दुसरं कामही नव्हतं.

ठकीबायनं सगळ्यांवरून नजर फिरवली. फिरवत फिरवत ती ढोलवाल्यावर थांबली.

"जानू," ती म्हणाली, "ढोल खाली ठेव."

"का?"

"तुझा नि बायडीचा लगीन ऱ्हायलाय."

जानूनं बायडीकडं बघितलं. बायडीच्या कडेवर एक पोर आणि पदराला दुसरं. त्यांच्याकडं असं चालतं, हे मला चिंधूनं नंतर सांगितलं. माणसं एकत्र राहतात, संसार करतात, आणि लग्न सवडीनं लागतं. यांची सवड सात वर्षं पुढं पुढं जात होती.

"आज?" जानू घाबरून म्हणाला. "मी वाजवायला आलो!"

"वाजवल दुसरा कोन. सगळा पाडा हितं हाय, तांदूळ हाय, चौक हाय. आनखी काय पायजे?"

बायडीनं तोंडाला पदर लावला आणि अशी हसली की सगळा पाडा हसायला लागला.

चुरी सर पुढं सरसावले. "छे छे! वसतिगृहात लग्न? नियमात बसत नाही!"

"चुरी," दारातून साहेब म्हणाले, "नियमात मनाई आहे का?"

"मनाई नाही साहेब, पण असं काही होईल हे कोणाला सुचलंच नव्हतं."

"म्हणजे मनाई नाही. आणि मला आधी इथून बाहेर काढा!"

आतून चिंधू, भगवंत आणि मी, बाहेरून जानू आणि त्याचे दोन भाऊ! तिसऱ्या हिसक्याला साहेब सुटले, दोन गुंड्या आमच्या खोलीत ठेवून. मग जानूच्या भावांनी दारच बिजागरीतून उचललं आणि तिन्ही खाटा, तिन्ही ट्रंका आवारात नेऊन ठेवल्या. सहा दिवस मी ज्या रचनेवर घाम गाळला, ती सहा मिनिटांत उन्हात!

मग वडील माझ्याजवळ आले. मी डोळे मिटले. एकच बसली, पण पालघर स्टेशनात गाडी आल्यासारखं कानात बराच वेळ वाजत राहिलं.

"लगीन हाय बोल्लास ना?" ते म्हणाले. "मग आता पंक्तीत वाढ. शेवटचं पान उठेतो बसायचं नाय."

एरवी दोन-तीन दिवस चालणारं ते लग्न ठकीबायनं एका दुपारीत बसवलं. आमची रडत आलेली आई पदर खोचून चुलीशी बसली. अर्ध्या तासात ती आणि मंगळी आत्या सख्ख्या बहिणींसारख्या बोलत होत्या. विषय मी. "लहानपनापासून असाच हाय," हे वाक्य मला प्रत्येक फेरीला ऐकू येत होतं. भगवंतनं माझ्या ट्रंकेतले बोंबील काढून चुलीवर भाजले, आणि दोन नंबरची पोरं, तीन नंबरची पोरं, शिंपल्यांवाले, सगळेच पंक्तीला बसले. साहेब लग्नाला खोलीत, अगदी चौकासमोर मांडी घालून. ठकीबायनं त्यांना घोड्यावरचा नवरा दाखवला.

"हा तो कृष्णकांत ना?" साहेबांनी विचारलं.

"नाय," ती म्हणाली. "यो जानू."

दुपारपासून ऊन उतरेपर्यंत मी वाढत होतो. भात, आमटी, बोंबील. भात, आमटी, बोंबील! नंतर आवारात फेर धरला तेव्हा मी विहिरीवर डोंगराएवढ्या भांड्यांपुढं राख घेऊन बसलो होतो. थोड्या वेळानं शेजारी कोणीतरी येऊन बसलं आणि एक तपेलं ओढून घासायला लागलं. चिंधू.

"लगीन चांगला झाला," तो म्हणाला.

"माफ कर," मी म्हणालो.

"हे तपेला परत घास. बुडाशी भात हाय."

मी ते तपेलं इतकं घासलं की त्यात माझं तोंड दिसायला लागलं. ते काही फार बघण्यासारखं नव्हतं.

सोमवारी प्रार्थनेनंतर चुरी सरांनी साहेबांचा शेरा वाचून दाखवला. टेबलफॅन तीन नंबरला, पताकांसाठी. आम्ही माना खाली घातल्या. सर पुढं वाचत होते.

"'खोली क्रमांक सात. भिंतीवरील चित्र अप्रतिम असून ते कोणीही पुसू नये.'"

मी मान वर केली. भगवंतनं माझ्या पाठीवर थाप मारली. चिंधूच्या ओठांवर, खोटं नाही सांगत, हसू होतं.

"'तथापि,'" सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम गोड झाला, "'सदर खोलीत काल माझ्या समक्ष एक विवाह सुमारे साठ माणसांच्या उपस्थितीत सुखरूप पार पडला. त्या अर्थी ही खोली तिघांसाठी फारच प्रशस्त आहे. तरी तेथे आणखी दोन विद्यार्थी तात्काळ ठेवण्यात यावेत.'"

संध्याकाळी ते दोघं आले. एकाकडं दोन ट्रंका, दुसऱ्याकडं एक ट्रंक आणि हार्मोनियमची पेटी.

"आता हे सामान कुठं आणि कसं लावायचं?" चुरी सरांनी दारात उभं राहून विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"चिंधूला विचारा," मी म्हणालो.